कोरडे पाय

माझं माहेर भोरचं आणि सासर वेल्ह्याकडचं. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, विंझर अशी एसटी निघाली की दुपारच्या जेवणाला निघालेलं माणूस चहाला पोचतं. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण भोरात जिथे छत्रीवर भागतं तिथे वेल्ह्यात इरलं लागतं. तोरण्याला अडलेला ढग दोन-दोन आठवडे हलत नाही. हा फरक नीट समजेपर्यंत लिंबाचं एक झाड माझ्या हातचं गेलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, १९८९ च्या वैशाखात, आईनं डालडाच्या डब्यात लावलेलं कागदी लिंबाचं रोप माझ्याबरोबर दिलं. आमच्या भोरच्या न्हाणीमागे लिंबाचं थोरलं झाड होतं, त्याच्याच बीचं ते रोप. घरी फळबागेवरचं एक जुनं पुस्तक होतं, ते मी वाचलेलं होतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्यावा, उन्हाळ्यात तापू द्यावा, पालापाचोळा, शेणखत आणि पोयट्यानं भरावा. घरामागच्या मुरमात दोन दिवस कुदळ मारून मी तसा खड्डा घेतला. मिरगाच्या तोंडावर रोप लावलं. पहिल्या पावसात ते असं तरारलं की मी आईला पत्र लिहून कळवलं.

आषाढात पानं पिवळी पडायला लागली. शिरांच्या कडेनं पिवळी, मग सबंध. मला वाटलं भूक लागली आहे, म्हणून मी आणखी शेणखत घातलं. श्रावणात बुंध्याशी मातीला लागून डिंकाचे मधासारखे थेंब दिसले. साल नखानं ओढली तर भिजलेल्या कागदासारखी सुटून आली आणि आतून आंबूस वास आला. गौरी-गणपतीला ती नुसती काठी उरली होती. उपटायला गेले तर जोरही लावावा लागला नाही. मुळांवरची साल मातीतच राहिली, हातात आले ते आतले तंतू. त्या भोकात मी हात घातला. कोपरापर्यंत पाणी होतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पडवीतून बघत होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, भाताला पाय पान्यात लागत्यात, लिंबाला न्हाय. तू त्याला खाचरात हुबं केलंस."

पुस्तकातली माहिती खोटी नव्हती. ती श्रीगोंद्यासारख्या मुलखासाठी होती, जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पडलेला थेंब धरून ठेवायचा असतो. आमच्याकडे त्याच्या चौपट-पाचपट पडतो. घट्ट मुरमात खणलेला खड्डा इथे हौद होतो. कडेची जमीन पाणी शोषत नाही, भुसभुशीत भरलेल्या खड्ड्यात चहूबाजूंचं पाणी येऊन साठतं, आणि वरून बघणाऱ्याला जमीन सपाट दिसत राहते. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, ती पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर डिंक्या रोग आणणारी फायटॉप्थोरा ही बुरशी चढते. तिचे बीजाणू साठलेल्या पाण्यातून अक्षरशः पोहत मुळापर्यंत जातात. म्हणजे खड्डा घेऊन मी रोपाला नुसतं बुडवलं नव्हतं, मारेकऱ्यालाही वाट करून दिली होती. हे शास्त्र मी पुढे वाचलं. आत्याबाईंना शाळा ठाऊक नव्हती, पण चिखलणीत जन्म गेलेला. पाण्यात कोणाचे पाय टिकतात आणि कोणाचे कुजतात हे त्यांना विचारावं लागत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आईकडून पुन्हा रोप आणलं. या वेळी जागा आत्याबाईंनी दाखवली. खाचरांच्या वर, वरकस जमिनीच्या उताराला, जिथे नाचणीही जेमतेम व्हायची. खड्डा नाही, ढीग. आधी तळाला नारळाएवढे दगड अर्धगोलात रचले, उताराच्या बाजूनं उंच, वरच्या बाजूला मोकळे. त्यावर खडी आणि मुरूम. त्यावर तांबडी माती, जुनं शेणखत, आणि राबाची दोन घमेली राख. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याची राख आमच्याकडे कधी वाया जात नाही. ढीग माझ्या गुडघ्याच्या वर आला तेव्हा त्यांनी मधोमध हातानंच उकरून रोप बसवलं. डब्यात जितकं मातीत होतं तितकंच, बोटभरही जास्त नाही. मग दोन्ही तळवे ओले करून ढिगाची पाठ भाकरी थापावी तशी थापली, पाणी निसरून जाईल अशी. वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी चर काढायला मला सांगितली. डोंगराचं पाणी यायचं ते त्या चरीतून दोन्हीकडे फुटून खाली खाचरात जायचं. भातानं प्यायचं ते भात पितो, लिंब कोरड्यावर उभं राहतं.

त्या झाडाला आज पस्तीस वर्षं झाली. ढीग खचत खचत वीतभर उरला आहे, दगड मुळांनी कवेत घेतले आहेत.

लिंबाची निगा म्हटली की लोकांना पाणी घालणं आठवतं. आमच्याकडे ती पाणी काढून देण्यापासून सुरू होते. वळवाचा पहिला सडाका झाला की चर मोकळी करायची. बुंध्याशी मातीची भर चढली असेल तर ती खुरप्यानं हलकेच ओढून काढायची, मुळांचे खांदे उघडे दिसायला हवेत. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा बुंध्याला कमरेइतक्या उंचीपर्यंत बोर्डोची पेस्ट लावायची. आत्याबाई नुसता चुना लावायच्या. मोरचूद त्यात मागाहून आलं.

ही पेस्ट करणं मला अजून आवडतं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचुदाचे निळे खडे अर्ध्या पाण्यात रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत भिजत ठेवायचे. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. चुना दुसऱ्या बादलीत फोडायचा आणि निवू द्यायचा. मग दोन्ही एकत्र, ढवळत ढवळत. रंग आभाळी होतो, सणाला घराच्या भिंतीला देतात तसा. झालं की विळ्याचं पातं त्यात क्षणभर बुडवायचं. पात्यावर तांबूस झाक आली तर मोरचूद मोकळं राहिलं आहे, आणखी चुना हवा, नाहीतर साल भाजेल. पातं जसंच्या तसं निघालं की ब्रश घ्यायचा. ही युक्ती मूळची फ्रान्समधल्या बोर्डो भागातली. तिथले शेतकरी वाटेवरच्या द्राक्षांना कोणी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुना फासत. वाटेकडेच्याच वेली केवडा रोगातून वाचल्या हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेरलं आणि १८८५ मध्ये जगाला सांगितलं. द्राक्षाच्या राखणीसाठी निघालेली गोष्ट तोरण्याच्या पायथ्याशी लिंबाला लागते आहे, हे दर वर्षी ब्रश धुताना मला आठवतं.

एवढं करूनही खैऱ्या येतोच. पानांवर, काटक्यांवर, फळांवर खैराच्या रंगाचे खरबरीत फोड, भोवती पिवळं कडं. पावसाचा शिंतोडा आणि वारा यांवर बसून हा जिवाणू फिरतो, आणि आमच्याकडे चार महिने या दोन्हींना तोटा नसतो. नागअळीनं पानात वेड्यावाकड्या चंदेरी रेघा काढल्या असतील तर त्याच जखमांतून तो आत शिरतो. रोगट काटक्या कोरड्या दिवसांत कापून जाळायच्या, फवारणी करायची, आणि डाग पडलेलं फळ रसाला तितकंच चांगलं असतं हे ध्यानात ठेवायचं. बाजारात त्याला भाव नाही, पण घरच्या लोणच्याला त्याचं काही अडत नाही.

फुलपाखराच्या अळीबद्दल मात्र माझं मन अजून एका जागी ठरत नाही. कोवळी पालवी फुटली की लिंबाचं काळं-पिवळं फुलपाखरू येतं, शेंड्याच्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं एकच फिकट अंडं ठेवतं आणि उडतं. अळी निघते ती थेट पाखराच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-काळी, मध्ये पांढरा पट्टा, ओलसर. पाखरानं बघितली तरी ते चोच घालणार नाही. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीनं डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि लिंबाच्या कुजक्या सालीसारखा उग्र दर्प सोडते. लहान रोपाला अशा चार अळ्या आठवडाभरात बोडकं करतात, म्हणून रोपावरच्या मी वेचते. थोरल्या झाडावरच्या राहू देते. एकदा पावसात पडवीच्या खांबावर एक कोष मिळाला, कमरेला रेशमाचा एकच दोर बांधून तो मागे रेलला होता, माडावर चढणाऱ्या माणसासारखा. मुलगी तेव्हा चौथीत होती. त्यातून फुलपाखरू निघेपर्यंत तिनं कोणाला त्या खांबाला टेकू दिलं नाही.

पहिलं झाड गेलं तेव्हा एक गोष्ट झाली होती, ती सांगायलाच हवी. गावात समजूत आहे की बाहेरची झालेली बाई लिंबाला शिवली तर झाड वठतं. आमच्या शेजारणीनं पाणवठ्यावर मला हळूच विचारलं, "हात लावला व्हतास का गं तसल्यात?" मी वीस-बावीस वर्षांची, घरात नवी. उत्तर सुचेना, आणि रात्रभर मनाला तेच लागून राहिलं. त्या चार दिवसांत मी खरंच खुरपं घेऊन रोपाशी बसले होते. सकाळी आत्याबाईंपाशी रडले. त्या तशा जुन्या वळणाच्या, देव्हाऱ्याचे नेम पाळणाऱ्या, मेंगाई देवीची ओटी न चुकवणाऱ्या. पण शेजारीण पुन्हा भेटली तेव्हा तिला म्हणाल्या, "इटाळ पान्याचा झाला त्याला. माझ्या सुनंचा न्हाय." एवढ्या एका वाक्यानं मला त्या घरात जागा मिळाली असं मी मानते. दुसरं रोप लावल्यावर महिन्याचे तीसही दिवस त्याची निगा मीच केली, आणि ज्यांनी विचारलं होतं त्यांच्याच घरी पहिली पाटी लिंबं गेली. कष्ट करणाऱ्या बाईच्या डोक्यावर झाडाचं मरण टाकणारी ही समजूत जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

फळांचं म्हणाल तर आमचं झाड बाजाराच्या हिशेबानं चालत नाही. लिंबाला वर्षातून तीन बहार: मृग, हस्त आणि आंबिया. सगळा पैसा हस्त बहारात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फूल धरलं की फळ ऐन उन्हाळ्यात येतं, जेव्हा शहरात रसवंतीपासून हॉटेलापर्यंत सगळ्यांना लिंबू हवं असतं. एप्रिल २०२२ मध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं, तेव्हा ज्यांच्या झाडांवर हस्ताची फळं होती त्यांचं साधलं. पण फूल येण्याआधी झाडाला ताण लागतो. पाणी तोडायचं, झाड थकू द्यायचं, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची, आणि मग पाणी दिलं की ते फुलांनी उठतं. भाद्रपदात तोरण्याखाली पाणी तोडणार कोण? वर ढग बसलेला. आमच्या झाडाला विसावा मिळतो तो कार्तिकापासून, वरकसाची ढेकळं पांढरी पडायला लागली की. पौषात पानं आत वळतात. मला ते बघवायचं नाही, मी कळशी घेऊन निघायची, आणि आत्याबाई मला उंबऱ्यातून परत बोलवायच्या. माघात त्या स्वतः म्हणायच्या, आता घाल. बुंध्यापासून हातभर लांब गोल आळं, त्याच्या आत मातीचा दुसरा वरंबा, म्हणजे पाणी बुंध्याला टेकत नाही. आठ-दहा दिवसांत पानांच्या बेचक्यांत पांढऱ्या कळ्या, वरच्या अंगाला जांभळट. सकाळी दार उघडलं की वास पडवीत आलेला असतो.

ती फळं पिकतात आषाढात, पाऊस कोसळत असताना, जेव्हा कोणाला सरबत नको असतं. इतकी वर्षं मी त्याचं दुःख केलं नाही. पावसाळ्यात भाजी मिळत नाही, तेव्हा नाचणीची भाकरी, पिठलं आणि लिंबाची फोड यांवर लावणीची पंगत उठते. उरलेली मिठात जातात. माझ्या फडताळात सात वर्षांपूर्वीचं लोणचं आहे, काळंभोर, खारकेसारखं मऊ. पोट बिघडलं की आळीतली मुलं वाटी घेऊन येतात.

आता बियांबद्दल. आईनं मला कलम का दिलं नाही, बीचं रोप का दिलं, असा प्रश्न मला एका रोपवाटिकेत विचारला होता. आंब्याची कोय लावली तर हापूसचा हापूस येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. कागदी लिंबाचं वेगळं आहे. त्याच्या एका बीत बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात. त्यातला एखादा परागातून झालेला, आईबापांचा मिळून. बाकीचे नुसत्या आईच्या पेशींतून उठलेले, अंगानं, गुणानं आईच. म्हणून एक बी पेरली की दोन-तीन अंकुर वर येतात, आणि त्यातले जोमदार ते मूळ झाडाचीच पुन्हा सुरुवात असते. लिंबानं जगभर प्रवास केला तो बहुतेक याच बळावर. पेशीतलं वाचणाऱ्यांनी अलीकडे दाखवून दिलं की हे झाड फिलिपाइन्सकडच्या एका रानटी आंबट फळाच्या आणि महाळुंगाच्या संकरातून झालं. आई ते रानफळ, बाप महाळुंग, तेच महाळुंग जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. पुढे ते अरबांबरोबर पश्चिमेला आणि तिथून समुद्रापार गेलं. फ्लोरिडात ज्याला 'की लाइम' म्हणतात ते आपलंच कागदी लिंबू. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. दुकानातलं मोठं हिरवं लिंबू आणून तो मला व्हिडिओवर म्हणाला, "मामी, यात बीच नाही, पेरू काय?" ती वेगळी जात. मला त्या लिंबाची कीव आली.

आमच्या भोरच्या झाडाची बी आजीनं आणली होती. तिचं माहेर वेळवंडी नदीच्या काठचं. भाटघरला आधी एक जुनं धरण होतं, त्याच्या जागी मोठं लॉईड धरण १९२८ साली पूर्ण झालं आणि पाणी आणखी वर चढलं. आजी तेव्हा सतरा-अठराची, भोरात नांदत असलेली. भाऊ सामान हलवत होते, तेव्हा ती शेवटची म्हणून जाऊन आली आणि परसातल्या लिंबाची ओटीभर फळं घेऊन आली. त्या उन्हाळ्यात सरबत झालं आणि बिया राखेत घोळून न्हाणीमागे पेरल्या. लिंबाची बी वाळली की मरते, ताजीच पेरावी लागते, म्हणून वाट बघायला वेळ नव्हता. मे महिन्यात धरण आटलं की वेळवंडला कांबरेश्वराचं दगडी देऊळ चिखलातून वर येतं, लोक दर्शनाला जातात. आजी मला एकदा घेऊन गेली होती. घराची जागा तिनं काठीनं दाखवली, चोथऱ्याचे चार दगड होते. झाडाचं काही नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ते घरी हाये की." लहानपणी मला वाटलं आजी बोलायचं म्हणून बोलली. आता मला माहीत आहे की तिचं म्हणणं अक्षराला धरून खरं होतं. पाण्याखाली गेलं ते झाड, न्हाणीमागचं झाड आणि माझ्या दगडांच्या ढिगावरचं झाड हे बहुधा एकच आहे.

ढिगावरचं झाड आता थकलं. दक्षिणेच्या दोन फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या, फळं सुपारीएवढी होऊ लागली. आत्याबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात मुलगी पुण्याहून आली होती. सकाळी पोह्यांवर लिंबू पिळलं, तिनं बशीतल्या बिया गोळा केल्या, बुळबुळीत आवरण जावं म्हणून राखेत चोळल्या आणि दुधाच्या पिशव्यांत माती भरून पेरल्या. महिन्यानं पुन्हा आली तेव्हा अकरा पिशव्यांत अंकुर होते. एकीत तीन. दोन सारखे उंच, गडद, पानांच्या देठांना तेच इवलेसे पंख. तिसरा फिकट, वाकडा, त्यांच्या निम्मा. मी सवयीनं तो खुडायला हात पुढे केला, कारण रोप निवडताना बारीक ते काढायचं असतं, ते वेगळ्या वळणाचं निघण्याचा संभव असतो.

"हे राहू दे," ती म्हणाली. "हे माझं."

"ते आपल्या झाडासारखं होईलच असं नाही गं. फळ कसं येईल, येईल की नाही, काही सांगता येत नाही."

"बघू की."

काडीनं तिघांना सोडवायला अर्धा तास लागला, मुळं एकमेकांत गुंतली होती. दोन मी इथे ठेवली, एकासाठी दगड गोळा करायला घेतलेत. तिसरं तिनं वेगळ्या पिशवीत लावलं. एसटी यायला वेळ होता. पिशवी उचलून तिनं डोळ्यांच्या वर धरली, तळ बघितला, मग आत जाऊन फडताळातली टोचणी आणली आणि खाली आणखी चार भोकं पाडली.